आमूचं पहिलं वाक्य आणि भागीरथा

सेक्टर सहा, भिलाई

आदरणीय रुक्माबाईस,

धाकट्या बळीरामचा सविनय जयभीम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि तुमसरला तुला वेळेवर औषध कोण देतं, ते कळव. आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. मी काही ठीक नाही. मी जळतो आहे, आणि तेही आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या भागीरथावर.

राजदीपची आमू (आम्रपाली, पण घरात एवढं लांब नाव कोण घेतं) पावणेदोन वर्षांची झाली. राजदीप आणि सून करिष्मा दिवसभर कामावर, घरी आले की आपसात हिंदी. म्हणून नातीला मराठी शिकवायचं काम मी अंगावर घेतलं. पस्तीस वर्षं रोलिंग मिलमध्ये नवी पोरं तयार केली, ही तर वीतभर पोर. वस्तू दाखवायची, तीसदा नाव घ्यायचं, तिने म्हटलं की बिस्किट. दोन महिन्यांत आमू बिस्किटाचा डबा उघडायला शिकली. करिष्माचं म्हणणं (ती मोबाइलवर वाचते आणि मग मला ऐकवते) की भाषेची यंत्रणा मूल जन्मताच सोबत आणतं, आपण त्याच्याशी नुसतं बोलत राहायचं. मी म्हटलं, यंत्रणा आपल्या घरची, तर मालही आपल्याच घरचा निघायला पाहिजे. ती उठून कुकर लावायला गेली, आणि मी जिंकलो असं मला वाटलं.

मग एका सकाळी आमू पहिलं वाक्य बोलली. कोणाकडे बघून? भागीरथाकडे! "एती आ ओ!" (म्हणजे इकडे ये गं. शुद्ध छत्तीसगढी.) बाई, ही भागीरथा पोरीला काही म्हणजे काही शिकवत नाही. भांडी घासता घासता अहिवारा गावच्या आपल्या बहिणीशी फोनवर भांडते, भाजीवाल्याशी भांडते, नळाशी भांडते, आणि आमू शेजारी पाटावर बसून सगळं कानात भरून घेते. माझी मराठी मात्र भागीरथानेच उचलली. परवा मलाच विचारते, "कावून बोंबलून राहिले बबा?" (का ओरडताय, आजोबा? अगदी आपली तुमसरची बोली.) माझा नुसता जळफळाट झाला.

त्या भरात मी तिला बजावलं, पोरीसमोर तोंड उघडायचं नाही. तिने तीन दिवस तोंड मिटलं, आणि आमूनेही. बडबड, गुणगुण, सगळं बंद. घरात एकटा मी "गाय, गाय" करत फिरत होतो. चौथ्या दिवशी भागीरथा आलीच नाही. आमू फाटक धरून उभी, जेवेना. राजदीप माझ्यावर ओरडला, हिंदीत. शेवटी पोरीला खांद्यावर घेतलं आणि सुपेल्याला भागीरथाचं दार गाठलं. ती पाठ फिरवून तांदूळ निवडत बसली. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "झन रिसा ओ, चल." (रुसू नको, चल.) पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत खांद्यावरून बारीक आवाज आला, "झन रिसा ओ." भागीरथा हसत उठली. माझ्या नातीने माझ्याकडून घेतलेलं पहिलं वाक्य, तेही छत्तीसगढी, आणि तेही माफीचं! बिस्किट नाही, तीसदा नाही. मला आनंद झाला की राग आला, ते अजून ठरलेलं नाही. भागीरथा कामावर परत आली आहे आणि आमू तिच्या पदराला लटकलेली असते.

घरातल्या लहानमोठ्यांना माझी आठवण सांग.

तुझा भाऊ,
बळीराम

ता. क. त्या दिवसापासून एकच गोष्ट मनात घोळते. पोरीला मी नुसती वस्तूंची नावं ऐकवली. आमूची आजी गेल्यापासून या घरात मला मराठीत कोणी रागवत नाही, हाक मारत नाही, चहा घेता का म्हणून विचारत नाही. मग पोर ऐकणार तरी काय? तेव्हा तू दोन-चार महिने इथे ये. तिला शिकवायला नको. माझ्याशी भांडायला ये.

आणखी एक. आमूने मला सोडून आधी तुला हाक मारली, तर त्याच दिवशी तुला तुमसरच्या गाडीत बसवून देईन. तरी ये.