पुढच्या टेबलाचा रंग

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

सकाळी भात-आमटी केली, डबा भरला. बाइकने शेलूला. पितृपक्ष लागला, त्यामुळे ऑफिसात गिऱ्हाईक नाही. या दिवसांत फ्लॅट बुक करायला कोण येतंय! दिवसभर माहितीपत्रकांना घड्या घातल्या. संध्याकाळी घरी.

एक झालं. मीटिंगमध्ये देवेश सरांनी मला उभं केलं. हे आमचे नवे सेल्स मॅनेजर, जूनमध्ये ठाण्याहून आले. माझ्या शर्टाकडे बोट — "कमलेशजींना बघा. रोज व्हाइट, रोज इस्त्री. याला म्हणतात प्रोफेशनल! पोपटी, जांभळा, असले भडक कलर आपल्या लाइनमध्ये चालत नाहीत. घर घेणाऱ्याला आपल्याकडे बघून विश्वास वाटला पाहिजे." टाळ्या वाजल्या. मी खाली बसलो.

शकू, माझी बायको, जानेवारीत गेली. पांढरा मी तिच्यासाठी घालतो. वर्ष होईपर्यंत घालायचा असं मनाशी ठरवलंय. कुणाला सांगितलेलं नाही. बाईने असं केलं असतं तर पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं असतं. पुरुषाने पांढरा शर्ट घातला की तो फक्त ऑफिसला निघालेला दिसतो.

बुधवार, १० सप्टेंबर

टाळ्यांचा विचार डोक्यातून जात नाही. राग नाही आला. देवेश सरांना ठाऊक नाही, त्यांचा काय दोष? ऑफिसातली हर्षला तेवढी तेराव्याला घरी येऊन गेली होती. ती तो विषय काढत नाही. बरं आहे.

शकूने घेतलेले शर्ट कपाटात आहेत. पोपटी, मोरपंखी, एक तर भोपळ्याच्या रंगाचा. कर्जतच्या बाजारात गेलो की माझ्या छातीला लावून बघायची — "तुमी सावळे, तुमाला असंच उठून दिसतं." जुने मॅनेजर हसायचे. "काय कमलेश, हळद कुणाकडे?" त्या शर्टांत मी सात-आठ वर्षं मागच्या खोलीत बसलो. करारनामे, पावत्या, झेरॉक्स. शर्टामुळे मागे बसवलं असं कुणी म्हणालं नाही. पण पांढरा घालायला लागलो आणि पुढच्या टेबलावर आलो, हे खरं.

पुढच्या टेबलावर बरं वाटतं. माणसं येतात, पाणी किती वेळ येतं, स्टेशन किती लांब, विचारतात. दिवस कसा गेला कळत नाही. मागे बसलो की भिंतीवरचं घड्याळ दिसतं.

रविवार, १४ सप्टेंबर

ऑफिसातून लवकर सुटलो. घरी आलो तर हिरूताई लोधिवलीहून येऊन ओट्यावर बसलेली. शेजारून किल्ली घेऊन घर झाडूनही काढलं होतं. बहीण थोरली असली की असं.

दाराच्या मागे शकूची राणी रंगाची साडी आहे. शेजारच्या हळदीकुंकवाला नेसली होती. आली ती अंग तापलेलं घेऊन. खुंटीला टाकली नि म्हणाली, उद्या धुते.

ताईने बघितली. "आजून हितंच हाय ही?"

"राहू दे गं."

"असं नाय करू रं कमळ्या. धू, नि कुणाला तरी देऊन टाक. बाईमाणसाचं नेसू असं टांगून ठेवत नाय. तिचा जीव अडकंल हितं."

मी हो म्हटलं. ताईला नाही म्हणता येत नाही. जाताना सुकट ठेवून गेली आणि दारातून पुन्हा — "धू रं!"

रविवार, २१ सप्टेंबर

सर्वपित्री. ऑफिसला सुट्टी. साडी धुतली.

आधी बराच वेळ तशीच हातात धरली होती. मग म्हटलं आता नको, नाहीतर होणार नाही. मशीन लावायचंच होतं. माझे शर्ट आत होते, त्यातच टाकली. जुनी साडी, किती वेळा नेसलेली. तिचा रंग जाईल असं डोक्यातही आलं नाही. शकू ती कायम वेगळ्या बादलीत धुवायची का, ते आज कळलं.

झाकण उघडलं तर सगळे शर्ट गुलाबी! फिकट नव्हे, चांगले गुलाबी. कॉलरला जास्त, पाठीवर ढगांसारखे डाग. मोरीत उभा राहून बघत बसलो. हसू आलं. मग नाही आलं.

पांढरा एकच राहिला, अंगावर होता तो.

सोमवार, २२ सप्टेंबर

घटस्थापना. पेपरात आलेला आजचा रंग पांढरा. सगळं ऑफिस पांढऱ्यात! हर्षला, दोघी टेलिफोनवाल्या, देवेश सरही. फोटो काढला. मी मधे उभा. आठ महिन्यांत पहिल्यांदा सगळे माझ्यासारखे, आणि त्यांचा सण.

मंगळवार, २३ सप्टेंबर

कालचा शर्ट वाळला नाही. गुलाबी घालून गेलो.

देवेश सर दारातच — "हे काय कमलेशजी? साखरपुडा कुणाचा?" सगळे हसले. मीही थोडा. मग केबिनमध्ये बोलावलं. तिथे हसले नाहीत.

"दसऱ्याला नव्या बिल्डिंगचं लाँच आहे. पुढचं टेबल तुम्हाला पर्मनंट द्यायचं माझ्या मनात आहे. पण असं नाही चालणार. व्हाइट. फार तर स्काय ब्लू."

"हर्षला आज लाल घालून आलीय," मी म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक. मी उलट बोलत नाही.

"ते नवरात्राचं वेगळं हो. नऊ दिवस लेडीजना अलाउड. तुम्ही व्हाइट घ्या दोन-चार, नाहीतर दसऱ्याला मागे बसा. चॉइस तुमची."

म्हणजे तोच लाल नऊ दिवस चालतो आणि दहाव्या दिवशी चालत नाही. रंगात काही नसतं बहुतेक. सगळ्यांनी मिळून घातला की चालतो. एकट्याने घातला की का घातला ते सांगावं लागतं.

गुरुवार, २५ सप्टेंबर

नाशिकहून निशिगंधाचा फोन. तिला शर्टांचं सांगितलं.

"बाबा! कलरचे कपडे वेगळे धुवायचे असतात!"

"आता कळलं."

"व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा. नाहीतर ब्लीच मिळतं, जातो रंग."

कुठल्या कपड्याचा लागला ते तिने विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. पोरीची परीक्षा आहे.

व्हिनेगर आणलेलं नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

येताना कर्जतला बाजारात थांबलो. दुकानात पांढरे शर्ट बघितले. दुकानदाराने गठ्ठाच समोर टाकला. "साहेब, ऑफिसला याच्यासारखा कलर नाही."

साइज बरोबर होता. घेऊन टाकले असते तर सगळं मिटलं असतं. वर्षाचं पांढरंही पुरं झालं असतं, पुढचं टेबलही मिळालं असतं. पण हात पुढे होईना. आजवर पांढरा घातला तो शकूसाठी. आता घेतला तर तो देवेश सरांसाठी होईल. दिसायला सारखाच. बघणाऱ्याला फरक कळणार नाही, पण मला रोज बटणं लावताना कळेल.

आणि गुलाबी? तो मी ठरवून घातलेला नाही. चूक झाली. पण घातला की सकाळी घरातून कुणीतरी बरोबर निघाल्यासारखं वाटतं. हे कुणाला सांगणार!

न घेता आलो. दुकानदार पुटपुटला असणार.

मंगळवार, ३० सप्टेंबर

आजचा रंग गुलाबी! मला ठाऊकच नव्हतं. उरलेला एक पांढरा आता कपाटातच असतो; रोजच्यासारखा गुलाबी घालून गेलो तर हर्षला टाळ्या वाजवत — "कमलेशकाका, आज तुम्हीच करेक्ट! फोटोत पुढे या, पुढे या."

फोटोनंतर चहाला मशीनपाशी ती एकटीच होती. विचारलं, "काका, खरं सांगा, मुद्दाम घालता ना? सरांना चिडवायला?"

मी सांगितलं. शकूची साडी, मशीन, सगळं. पांढऱ्याचंसुद्धा सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी. तिच्या हातातला कप तसाच राहिला. "काकू राणी रंगात फार छान दिसायच्या," एवढंच म्हणाली.

हलकं वाटलं.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. लाँच.

मागे बसायचं ठरवूनच गेलो होतो. गुलाबी शर्ट. दारात देवेश सरांनी दोन्ही हात धरले. "कमलेशजी, आधी सांगायचं ना! हर्षला बोलली मला काल. सॉरी. मनापासून सॉरी. तुम्ही पुढेच बसायचं, याच शर्टात." डोळे ओले होते त्यांचे. खोटं नव्हतं ते, मला माणसं कळतात तेवढी. मी बसलो. बरं वाटलं, खरंच.

दुपारी बदलापूरचं जोडपं आलं. सॅम्पल फ्लॅट बघून झाला, दोघं विचारात. त्या बाईंना रस्ता लांब वाटत होता. देवेश सर आले, माझ्या खुर्चीमागे उभे राहिले, खांद्यावर हात ठेवला.

"मॅडम, यांच्या शर्टाकडे बघताय ना? यांच्या मिसेस गेल्या. त्यांच्या साडीचा रंग लागलाय हा. तेव्हापासून दुसरा शर्ट घातला नाही यांनी. असली माणसं आहेत आमच्याकडे. घर म्हणजे काय, हे यांना विचारा."

बाईंनी पदर डोळ्याला लावला. नवरा माझ्याकडे बघून मान हलवत राहिला. मी टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं.

त्यांनी बुक केला.

ते गेल्यावर सर कानाशी — "पिंकच कंटिन्यू करा, कमलेशजी."

शनिवार, ४ ऑक्टोबर

आज दोनदा सांगितलं त्यांनी. दुसऱ्या वेळी साडी शेवटच्या क्षणी अंगावर होती. खरं तर अंगावर दवाखान्याचा हिरवा गाऊन होता. साडी घरी खुंटीला होती. गिऱ्हाईकासमोर काय बोलायचं?

एक म्हातारे गृहस्थ उठून माझ्याशी हात मिळवून गेले. त्यांचंही कुणी गेलं असेल. त्यांना काय वाटलं असेल आणि मी तिथे काय म्हणून बसलो होतो?

साखरपुडा कुणाचा म्हणून हसले, तेव्हा हा रंग माझा होता. आता कुणी हसत नाही. देवेश सर वाईट नाहीत. त्यांना विकायचं आहे, आणि विकताना ते खरंच हळवे होतात. दोन्ही एकदम होतं, हे मी रोज जवळून बघतो.

पुढच्या टेबलाचं पत्र सोमवारी देणार म्हणाले.

रविवार, ५ ऑक्टोबर

हिरूताईचा फोन. "धुतलीस का रं?"

"धुतली."

"नि दिलीस?"

"बघतो."

"बघतो म्हंजे नाय." ठेवला फोन.

सोमवार, ६ ऑक्टोबर

पत्र घेतलं नाही. मागची खोली मागितली. देवेश सर बघतच राहिले. "अहो, लोक तुम्हाला भेटायला येतील! का पण?" मी म्हटलं, करारनाम्यांचं काम साचलंय. पुढच्या टेबलावर हर्षला बसली.

मागे कुणी येत नाही. गुलाबी शर्टाच्या बाह्या वर केल्या, फायली बाजूला सारल्या आणि डबा खाल्ला.