पूजेला बसलेली रेसर

२ ऑक्टोबर १९५४, धार

रेसर सायकल पुसली. चेन रॉकेलमध्ये धुतली. वीस वर्षांची झाली, तरी एका हातानं अलगद उचलली जाते! मडगार्ड नाही, कॅरियर नाही, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. फ्री-व्हील नाही, म्हणून उतारालाही पाय फिरवतच राहावं लागतं — तिची ही खोड मला फार आवडते. शेजारचे रघुजी म्हणाले, "भिया, अब इसपे कौन बैठेगा?"

बसणारा देवासला आहे. माझा धाकटा भाऊ, माधव. संस्थानच्या शर्यती तो मारायचा, पंक्चर मी काढायचो. संस्थान गेलं, तो देवासला नोकरीवर निघाला, सायकल मागितली. मी म्हटलं, वडिलांनी ती मला घेतली होती. "ठेव मग. तिच्याशीच बोलत बस, दादा!" सहा वर्षं तेच करतोय.

४ ऑक्टोबर

आज कोणीच आलं नाही.

खंडेनवमी

सकाळी रेसरला हळदकुंकू, झेंडूची माळ. दुपारी तार! माधवचं उद्या सकाळी ऑपरेशन, ताबडतोब या — कमल. त्याची बायको. सहा वर्षांत तिकडून आलेला पहिला शब्द.

जायचंच. आणि सायकल त्याच्या हातात द्यायची. पण ती पूजेत! पूजेला बसवलेली वस्तू दसऱ्याची उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायची नाही, हे वडिलांपासून चालत आलंय. संध्याकाळची बस आहे. पण रिकाम्या हातानं कोणत्या तोंडानं जाऊ? उद्या पहाटे पूजा उरकून निघतो.

दसरा, देवास

सकाळची बस, सायकल टपावर. इंदूरच्या पुढे बस पंक्चर. इस्पितळात पोचायला दोन वाजले. ऑपरेशन झालेलं. माधवचा उजवा पाय मांडीपासून कापलाय. गँगरीन. मला वाटलं होतं, अपेंडिक्स असेल.

सायकल व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेऊन तिच्यावर कोट टाकला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ ऑक्टोबर

माधव शुद्धीवर आला. म्हणाला, "कशानं आलास, दादा?"

"बसनं," मी म्हटलं.

१० ऑक्टोबर

कमल डबा घेऊन आली. व्हरांड्यात हळूच म्हणाली, "भावजी, डॉक्टर तर सातलाच तयार होते. पण हे मानलेच नाहीत. दादा संध्याकाळच्या बसनं नाही आला, तर सकाळच्या बसनं येईल म्हणाले. बारापर्यंत अडवून धरलं सगळ्यांना. दादाला दोन पायांवर उभं राहून भेटायचंय, म्हणत होते."