अंगणातलं सुकाणू

शिवडी, माघ, शके १८२०

प्रिय पोरी कालिंदी,

हे पत्र कोणाकडून वाचून घेऊ नकोस. माझ्या महादेवानं, तुझ्या नवऱ्यानं, तुला हट्टानं अक्षरं शिकवली, ती आज कामाला येऊ देत. गंगुबाईबरोबर पाठवलेला तुझा निरोप पोचला. अंगणातलं ते सुकाणू यंदा शिमग्याच्या होळीत जाळून टाका, म्हणतेस. त्याचं उत्तर देतो, पण आधी घरची हकिकत ऐक.

नवं गलबत तयार झालं. तांडेल म्हणून ते हाकणार तुझा धाकटा दीर रघुवीर. आता जादा सामान काय न्यायचं, याचा घोळ चाललाय. माझं म्हणणं साधं आहे. दर्यावर जे शिवता-ठोकता येतं, त्याचं कापड, दोर, खिळे न्यावेत. जे तिथं घडवता येत नाही, ते अख्खं दुसरं न्यावं. पण आपले भागीदार गिरगावचे रमाकांतराव! आयुष्य कचेरीत गेलं, गलबत पाहिलं ते किनाऱ्यावरून. नव्या कोऱ्या गलबताचं मोडणार काय, म्हणतात. दुसऱ्या शिडावर त्यांनी काट मारली, मी जुनंच शीड ठिगळ लावून घेतलं. दुसरा नांगर भायखळ्याच्या लोहाराकडून उधारीवर आणला. दुसऱ्या सुकाणूवर मात्र मी अडून बसलो, तर म्हणाले, अंगणात पडलंय तेच न्या की, फुकट. मी असा भडकलो की बिचारे चहा टाकून उठले. त्यांना काय ठाऊक!

तुला ठाऊक आहे. तू नवी नवरी होतीस. आपलं पहिलं गलबत निघालं, तेव्हा ते दुसरं सुकाणू वर चढवताना पाहून तू म्हणालीस, घरभरणीलाच तिरडीचे बांबू कोण आणतं? सगळे हसले, मीही हसलो. महादेवानं तुझ्याकडे बघत ते खाली उतरवलं, तेच हे अंगणातलं. महादेवाला घेऊन गेलेलं गलबत परत आलं नाही. सुकाणू मोडलं असणार, दुसरं जवळ नव्हतं, असं किनाऱ्यावर जो तो बोलू लागला, आणि ते तुझ्या कानावर गेलं. त्या दिवसापासून तू अंगणातून गेली नाहीस. डोक्यावर माशांची पाटी घेऊन मागच्या चिखलातून वळसा घालायचीस. मी ते रोज पाहायचो. मग गाठीच्या तापाची साथ आली, तू माहेरी गेलीस. साथ ओसरली तरी आली नाहीस.

तर, अंगणातलं न्यायचं नाही म्हणून मी स्वस्तातलं एखादं बघायला माझगावला जुनी लाकडं विकणाऱ्याकडे गेलो. भिंतीला एक सुकाणू टेकून ठेवलेलं होतं. वरच्या टोकाला कोरलेला मासा दिसला, एक पर जरा जास्तच खोल गेलेला. महादेवाची पटाशी निसटली होती, आठवतं? हे तर आपल्या त्या पहिल्या गलबताचंच! मी विकणाऱ्याला खोदून विचारलं. अलिबागकडच्या कोळ्यांच्या जाळ्यात ते कधीकाळी सापडलं होतं, फिरत फिरत तिथं आलं.

पोरी, ते सुकाणू मोडलेलं नाही. फळी शाबूत आहे, लोखंडी बिजागऱ्या शाबूत आहेत. ज्या खांबाला ते टांगतात, तो गलबताचा मागचा खांबच मुळासकट उखडून त्याला लटकून आलाय. म्हणजे गलबतच फुटलं होतं, बहुधा खडकावर. मी सुताराला नेऊन दाखवलं, तोही हेच म्हणाला. सुकाणूनं शेवटपर्यंत साथ दिली. जवळ आणखी दहा असती तरी महादेव वाचला नसता. तुझ्या बोलण्यानं काही झालं नाही. मी त्या खांबाला धरून ढसाढसा रडलो, पण त्या रडण्यात तुझ्यासाठी थोडी सुटकाही होती.

हे तुझ्यापासून एक दिवसही दडवून ठेवणं पाप, म्हणून लिहायला बसलो. अंगणातलं सुकाणू मी जाळणार नाही. तुझी हरकत नसेल तर ते रघुवीरच्या गलबतावर जाईल, आणि चढवताना त्याला पहिला हात तुझा लागायला हवा. विधवेचा हात म्हणून कोणी तोंड उघडलं, तर माझ्याशी गाठ आहे. शिमग्याच्या आधी ये. आणि येशील तेव्हा पुढच्या दारानं, अंगणातून ये.

तुझी वाट बघणारा, तुझाच म्हातारा मामंजी,
हरेश्वर