धुऱ्यापलीकडचं दही

अमरावती, ५ ऑक्टोबर २०२४

चि. म्हणावं तर तू तीन महिन्यांनी मोठी, ती. म्हणावं तर चढून बसशील. म्हणून नुसतीच आबेदा, स.न.वि.वि.

मी सांगून राहिली, नात अपेक्षा लिहून राहिली. तुझ्या वावरात कपड्याचं तीन मजली दुकान झालं. तुझी म्हैस जिथं बांधत होतो, तिथं काचेआड मेणाची बाई साडी नेसून उभी आहे. म्हैस बरी होती, मले पाहून मान तरी हलवे. चारही बाजूंनी घरं, मधात माझं एक एकर कापूस. विपुल म्हणतो, माय, आता प्लॉट पाडू. मी पोराले सांगितलं, सीतादही झाली की विकण्याच्या कागदावर अंगठा देईन.

सीतादहीले पहिल्या वेचणीआधी वावरात दहीभात शिंपडायचा, अन् दही धुऱ्यापलीकडच्या, बांधाले बांध लागलेल्या शेजारणीनं आणायचं, हे आपलं चाळीस वर्षांचं ठरलेलं. वीस तारखेच्या रविवारी मडकं घेऊन ये. म्हातारीवर माया राहू दे.

तुझी मैना

अकोला, ११ ऑक्टोबर २०२४

मैनाबाईले आबेदाचा सलाम.

नात गजाला लिहिते, माझ्या शिव्या गाळून. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दोन महिने बसनं जाणं बंद. लेक परवेज दारात खुर्ची टाकून बसतो, जशी मी पोरगी अन् पळून जाईन. अन् मी आता तुझी शेजारीण कायची? धुऱ्यापलीकडे दुकान आहे, दही त्याच्या मालकाले माग.

एक सांगते. वावर विकलं त्या दिवशी मी धुऱ्यावर गेलीच नाही. वाटलं, मग जाऊ. मग तिथं भिंत झाली. तू अंगठ्याआधी सारा धुरा एकदा चाल, माझ्या वाटचाही.

दुआ करत जा, मीही करते.

आबेदा

अमरावती, २२ ऑक्टोबर २०२४

आबेदा, स.न.वि.वि.

तू थट्टा केली, मी खरं धरलं. दुकानात जाऊन मालक मनोजकडं दही मागितलं. बिचाऱ्यानं दह्याच्या रंगाच्या सहा साड्या काढल्या! समजलं तेव्हा स्वतः दह्याचं पाकीट घेऊन आला, चपला धुऱ्यावर काढल्या, दुकानातल्या पोरींनीही भात शिंपडला. पोरगा गुणाचा आहे. पण दही गोडसर, म्हशीचा वास नाही.

मग धुरा चालायले निघाली. अर्ध्यातच बसली. एकटीनं होत नाही आबेदा, तुझ्या बाजूनं कोणी बोलतच नव्हतं.

घरी येऊन विपुलले सांगितलं, ही सीतादही धरायची नाही. आबेदाच्या हातचं दही येईल तेव्हाच अंगठा. तो चिडला नाही, हसला. म्हणे, गुडघा बरा झाला की मावशीले गाडी पाठवतो.

गाडी आली की बस. धुरा दोघी मिळून चालू, भिंत लागली तर भिंतीलेच शिव्या देऊ. मडकं मात्र अकोल्यातच विसर.

लोभ घेऊन ये, दही आणू नको.

तुझी मैना