टॉवेल सांभाळणारीस

प्रिय डिम्पना,

शाळेत तुझ्या शेजारी बसून तुझ्याच पेन्सिली चघळणाऱ्या असम्प्टाकडून तुला भरभरून प्रेम, आणि तुझ्या नवऱ्याला जेवढ्यास तेवढा नमस्कार.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तुम्हा सगळ्यांना माझं मागचं घर हवंय, आणि कुणी कुठल्या किनाऱ्यावर लाटांवर जावं हे मी सांगायचंय. सोबत यादी. फिन्टन, तरबेज. जावई, मध्यम. नात एमर, नवशिकी. लेक या वेळी येत नाही. आणि तळाशी बारीक अक्षरात, 'मी काय, टॉवेल सांभाळीन.' अक्षर तुझं आहे, डिम्पना, पण बोलणं तुझ्या नवऱ्याचं, फिन्टनचं. स्वतःला तरबेज म्हणवणारा दुसरा माणूस मी या किनाऱ्यावर अजून पाहिलेला नाही.

दरवर्षी डब्लिनहून गाडीच्या टपावर सर्फिंगच्या तीन फळ्या बांधून येतो. रबरी पोशाख कमरेपर्यंत सोलून, पोट पुढे काढून ब्रेड आणायला दुकानात उभा राहतो आणि काउंटरवरच्या बाईला विचारतो, "काय मग, आज लाट कशी आहे?" ती म्हणते, "ओली आहे, साहेब." त्याला ते कळतसुद्धा नाही. खिशात वर्तमानपत्राच्या पुरवणीतलं कात्रण असतं. कुठली पुळण किती ताऱ्यांची, नवशिक्यांना कुठली, जाणत्यांना कुठली. समुद्राला मार्क देणारी ही मंडळी कोण, मला एकदा पाहायची आहेत. सकाळी भरतीला जिथं लेकरं डुंबतात, तिथंच दुपारी ओहोटीला धडधाकट माणसाचे पाय सुटतात. हे छापून येत नाही, कारण ज्याने कात्रण लिहिलं तो जेवायच्या वेळी परत गेलेला असतो.

तरी विचारलंस म्हणून सांगते. फिन्टनला नन्सच्या खाडीत पाठव. लाट मांडीएवढी, खाली वाळू, आणि बघायला म्हाताऱ्या नन्स. त्याला प्रेक्षक लागतात. तुझा जावई बरा आहे. पडतो आणि स्वतःला हसतो, म्हणजे शिकेल. त्याने मोठ्या पुळणीच्या मधोमध जावं, भरतीच्या आधी दोन तास. एमर त्याच पुळणीच्या उत्तर टोकाला, पाय वाळूला टेकतील एवढ्याच फेसात. आणि खडकावर फुटणाऱ्या लाटेवर तिघांपैकी कुणीही जायचं नाही. ती लाट गावातल्या चार-पाच जणांची आहे. एकेकाळी तुझीही होती.

आठवतं? चौऱ्याहत्तर साल, माझ्या भावाने प्लायवूडची फळी केली होती आणि उरलेला होडीचा निळा रंग तिला फासला होता. शनिवारी प्रार्थनेनंतर आपण दोघी ती डोक्यावर घेऊन खाली पळायचो. मी चार महिने गुडघ्यांवरच राहिले. तू तिसऱ्याच दिवशी उभी राहिलीस, हात पसरून, शाळेचा पोहण्याचा काळा पोशाख, केस तोंडावर. वर कॉन्व्हेंटच्या खिडकीत सिस्टर बेनिग्ना. आता शाळेतून काढणार म्हणून मी रडायलाच लागले. सोमवारी तिने तुला बाजूला घेतलं आणि एवढंच म्हणाली, "डिम्पना, पुढच्या वेळी केस बांधून जा. दिसत नाही काही." त्या बाईने तुला ओळखलं होतं. तुझ्या नवऱ्याला चाळीस वर्षांत जमलं नाही.

तू लग्न केलंस आणि पाण्यात जायचं सोडलंस. का, ते मी कधी विचारलं नाही. तूच एकदा म्हणालीस, "फिन्टनला भीती वाटते गं माझी." मला ते प्रेम वाटलं होतं. मी किती भोळी होते! तू त्याच्यापेक्षा सरस दिसशील याची ती भीती होती.

आता गेल्या वर्षीचं. फळ्या भाड्याने देणारा आमचा लॉर्कन नव्या माणसाला आधी पाव तास भिंतीवर बसवतो आणि मग विचारतो, "लाट कुठं फुटत नाही?" समोर फेसच फेस असतो आणि मध्ये एक गुळगुळीत, शांत पट्टा. बोट तिकडे दाखवून जो म्हणतो, "तिथं सोपं आहे, तिथं जाऊ," त्याला फळी मिळत नाही. भरलेलं सगळं पाणी तिथूनच परत समुद्रात जातं आणि माणसालाही नेतं. फिन्टन भिंतीवर बसला नाही. तरबेज माणसं बसत नाहीत. ओहोटी लागली होती. त्याने नातीला बरोबर त्याच पट्ट्यात नेलं. म्हणाला, "हे बघ, तुझ्यासाठी आजोबांनी शांत जागा शोधली."

पोरगी शंभर हात आत गेली तेव्हा तो किनाऱ्यावरून "पाय मार, पाय मार!" ओरडत होता. तू टॉवेल टाकलेस, लॉर्कनची फळी उचललीस आणि नेसत्या कपड्यांनिशी त्याच पट्ट्यात शिरलीस. ओढीशी झुंजली नाहीस, तिच्याच पाठीवर बसून एमरपर्यंत पोचलीस. मग आडवी निघालीस, फुटत्या लाटेकडे, आणि नातीला पुढ्यात पालथी घालून एका लाटेवर दोघी थेट वाळूत आलात. लॉर्कन म्हणाला, "ही कोण?" मी म्हटलं, "टॉवेल सांभाळते." संध्याकाळी पबमध्ये फिन्टन सगळ्यांना सांगत होता की त्याने किनाऱ्यावरून वाट दाखवली म्हणून दोघी वाचल्या, ही तर घाबरून नुसतीच धावली होती. तू ग्लासात बघून हसलीस. डिम्पना, त्याची मला किळस आली. पण तुझा राग आला, तो अजून गेलेला नाही.

हे सगळं आज का, ते सांगते. रविवारी एमरचा फोन आला, तुझ्यापासून लपून. आजोबांनी या वर्षीही तिच्यासाठी तीच शांत जागा ठरवली आहे आणि तिला तिथं जायची भीती वाटते. मग तिने विचारलं, "आजी पाण्याला घाबरते असं आजोबा म्हणतात. पण तेव्हा ती घाबरलेली नव्हती. मी तिच्या हातांखाली होते, मला माहीत आहे. खरं काय?" उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण ते माझं नव्हतं, म्हणून मी गिळलं आणि म्हटलं, "आजीलाच विचार, बाळ. सगळे जेवायला बसले की विचार." ती विचारणार आहे, या रविवारी, फिन्टनच्या देखत. तू सावध असावंस म्हणून हे पत्र आधी पोचेल असं टाकतेय. हसून बटाट्यांचा वाडगा पुढे करू नकोस. केलास, तर पोर ऑगस्टमध्ये त्याच पाण्यात उतरेल आणि माझ्या घराची किल्ली तुम्हाला मिळणार नाही. खरं सांगितलंस, तर सगळे या, तो फिन्टनसुद्धा.

तुझीच, आणि तुझ्या नवऱ्याची मुळीच नाही,
असम्प्टा