दोन्या क्रिसान्ताचे बारा रोलर

ला वेगा, गुरुवार

ती. ओदिलियामावशी,

आधी तिथूनच आशीर्वाद दे, मग पुढचं वाच. तुझा गुडघा कसा आहे? (गुडघ्याच्या डॉक्टरने तिसऱ्या मजल्यावर दवाखाना थाटावा, हे तुमच्या सान हुआनमध्येच होऊ शकतं.) इकडे आम्ही सगळे ठीक. आनिबालला पुन्हा पित्त झालंय, पण त्याला कारण मी आहे आणि मला कारण एक कादंबरी.

नणंदेने ती राजधानीहून आणली. त्या हुकूमशहाच्या राजवटीतली गोष्ट आहे, ज्याची तसबीर आजीच्या बैठकीत येशूच्या शेजारी लावावी लागायची. चार बायका त्याच्याविरुद्ध उभ्या राहतात, पावाच्या पोटात पत्रकं दडवून गावोगाव पोचवतात. मावशी, मी ती तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचताना घेवडा करपला, दुसऱ्यांदा वाचताना भात. आनिबालसारख्या नवऱ्याने दोन्ही मुकाट्याने खाल्लं, यावरून माझा चेहरा कसा असेल ते समज. त्या बायका आपल्यासारख्याच, एकमेकींची लिपस्टिक पळवणाऱ्या, आणि तरी त्या एवढं करून गेल्या, हे काही केल्या मनातून जाईना. शेवटी मी माझ्या पार्लरमध्येच मोठ्याने वाचायला लागले. केस झालेल्या बायका उठेनात आणि न झालेल्यांना बसायला खुर्ची मिळेना.

आता दोन्या क्रिसान्ता तुला आठवत असेल नसेल. पासष्टीची आहे, म्हणून सगळ्या तिला मानाने 'दोन्या' म्हणतात, दर गुरुवारी येते. पाणी गार आहे म्हणून भांडते, गरम केलं की भाजलं म्हणून भांडते. गेल्या वर्षी तर पाद्र्याशी घंटेच्या आवाजावरून भांडली. ती आत आली की मी मनातल्या मनात क्रूसाची खूण करते. (आता त्याची लाज वाटते.) मागच्या गुरुवारी ती ड्रायरखाली होती आणि बँक मॅनेजरची बायको फिओर हिच्या डोक्याला मी नुकताच रंग लावला होता. मी पावाचं प्रकरण वाचत होते. तेवढ्यात क्रिसान्ताने ड्रायरचा डोक्यावरचा टोप वर ढकलला आणि म्हणाली, "पावात कोण ठेवतं? पाव ओला होतो, शाई पसरते. आणि नाक्यावरचे शिपाई उपाशी असायचे, ते आधी पावच उचलायचे."

मी अदबीने म्हटलं की लेखिकेने अभ्यास केला असेल. त्यावर ती म्हणाली, "तिने अभ्यास केला असेल. मी रोलरमध्ये ठेवली होती."

मी पुस्तक मिटलं. मग ती सांगत गेली. ड्रायरने लाल झालेले कान, डोक्यावर केस गुंडाळायचे माझे गुलाबी रोलर, आणि आवाज गार पाण्याची तक्रार करावी तसा. पत्रकं सिगारेटच्या कागदाएवढ्या पातळ कागदावर छापत. एका डोक्यात बारा रोलर, एका रोलरमध्ये पाच. वर रुमाल बांधायचा आणि सरळ बसमध्ये बसायचं. आपल्याकडे रोलर लावून बाई रस्त्यावर दिसली तर कोण वळून बघतं? असं दीड वर्ष चाललं. एका खेपेला तिच्यासोबत एक सतरा वर्षांची मुलगी होती, तिच्याही डोक्यात बारा. नाक्यावर शिपाई बसमध्ये चढला. ती मुलगी इतकी थरथरत होती की रोलर एकमेकांवर वाजत होते. शिपाई तिच्याकडे वळला, तशी क्रिसान्ता उठली आणि त्याने आपल्या पायावर पाय दिला म्हणून भांडायला लागली. (पाय दिलाच नव्हता.) त्याची आई काढली, बूट काढले, पगार काढला. त्याने थोबाडीत मारली, रुमाल सुटला, एक रोलर खाली पडला. तिला ओढून उतरवलं आणि बस पुढे हाकलली. रोलरमधले कागद त्यांना सापडले तोवर बस दूर गेली होती, मुलगी सुटली.

क्रिसान्ताला चार महिने कोठडीत ठेवलं. त्याबद्दल ती एवढंच बोलली की तिथे पाणी फार गार होतं.

मावशी, मी इतकी वर्षं त्या डोक्याला हात लावते आहे. कानामागे एक जागा आहे, तिथे केस उगवत नाहीत. मी कधी विचारलं नाही. वय झालं, असं समजून तिथे बाजूचे केस फिरवून आणायचे. त्या दिवशी विंचरताना माझा हात थांबला. ती आरशातून बघून म्हणाली, "विंचर गं. दुखत नाही आता."

या सगळ्यात फिओरचा रंग तासभर जास्त राहिला. धुतल्यावर डोकं पिकल्या पपईसारखं निघालं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने आरशात एकदा पाहिलं, डोळे पुसले आणि पुढच्या गुरुवारी वाचन किती वाजता आहे ते विचारलं. आज ती तशीच, पपईचं डोकं घेऊन आली. तिच्यासोबत आणखी सहा जणी. कादंबरी कोणी उघडायला सांगितली नाही.

तुझी,
नेरेइदा

ता. क. : तिकडे तपकिरी रंगाच्या डब्या चांगल्या मिळतात. येणाऱ्या कुणाबरोबर चार पाठव. फिओरसाठी.

ता. क. २ : डब्या नाही पाठवल्यास तरी चालेल, मी पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. शाळेने क्रिसान्ताला मुलींसमोर बोलायला बोलावलंय. आज सगळ्या गेल्यावर मी तिला विचारलं की त्या मुलीचं पुढे काय झालं. तिने सांगितलं की आठवड्याच्या आत घरच्यांनी तिला जहाजात बसवून सान हुआनला पाठवलं. नाव विचारलं तर म्हणाली, "चार महिने विचारत होते, तेव्हा सांगितलं नाही. आता तुला कसं सांगू? तुझ्या मावशीला विचार. ती हो म्हणाली, तर शाळेत सांगेन."

आजी आम्हाला सांगायची, तू टायपिंग शिकायला गेलीस. मावशी, सदतीस वर्षांत तुझं एकही पत्र टाइप केलेलं आलेलं नाही. हे आम्हा कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?

दुसरं काही लिहू नकोस. हो की नाही, एवढंच कळव. ती थांबली आहे.