ऑब्री वॉल्डेनसाहेबांच्या जागी

तीर्थरूप दादाच्या पायांशी हॉलिवूडहून धाकट्या मर्लचा नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? गाई दूध देतात ना? हेस्टरवहिनींचा माझ्यावरचा राग उतरला का? (उतरला नसेल तर हे पत्र त्यांना जेवणानंतर वाचून दाखव.) वहिनींनी महिला मंडळातल्या भाषणासाठी ऑब्री वॉल्डेनसाहेबांच्या कारकिर्दीची माहिती मागवली होती. त्यांच्यामागे सात वर्षं काढलेला मी, म्हणजे या विषयातला अधिकारी माणूसच.

लिहून घ्या म्हणावं. एकूण चित्रपट एकतीस. त्यातल्या सव्वीसांत साहेब घोड्यावर आहेत, पण खाली घोडा फक्त चारांत (बाकी ठिकाणी पिंप, आणि ते हलवायला दोन गडी). नायिका उंच निघाली की साहेब फळीवर उभे राहतात, म्हणून प्रेमाच्या प्रसंगात त्यांचे पाय दिसत नाहीत. डावा गाल जगासाठी, उजवा खासगी. आणि दिवे, कॅमेरा नीट लागेपर्यंत त्यांच्या जागी तासन्‌तास घाम गाळत उभा राहतो तो मी. सगळं जमलं की साहेब येतात, मी बाजूला होतो. आमच्या धंद्यात याला कुणी अपमान मानत नाही. मीही मानत नव्हतो.

यंदा कंपनीने ठरवलं, की साहेबांचं आयडा फिंचवर प्रेम बसायला हवं. (आयडा ही नवी नटी, कॅन्ससच्या शेतावर वाढलेली.) आठवड्यातून दोनदा हॉटेलात जेवण आणि मासिकांसाठी फोटो. आता फोटोवाल्यांचे दिवे लागेपर्यंत तिच्यासमोर कोण बसणार? सवयीने सगळ्यांनी मलाच बसवलं. मी सूप प्यायचो, आपल्या तांबड्या गाईचे किस्से सांगायचो, ती पोट धरून हसायची. मग साहेब यायचे, तिचा हात हातात घ्यायचे, फोटो झाला की चालू लागायचे. असे चार महिने गेले. मला ती फार आवडायला लागली होती रे, आणि कुणाला सांगायचीही चोरी. गेल्या मंगळवारी साखरपुड्याचा फोटो होता. तिच्या बोटापाशी अंगठी धरून मी पाऊण तास बसलो. शेवटी तीच म्हणाली, "अरे, नुसती धरून काय बसलायस? घाल ना एकदाची!" मी घातली. तेवढ्यात साहेब आले आणि नेहमीसारखं म्हणाले, "चल रे, ऊठ."

"तो नाही उठणार," आयडा म्हणाली. "तुम्हीच दुसरी खुर्ची बघा."

वहिनींना भाषणापुरतं एवढं बास.

तुझाच,
मर्ल

ता. क. : कंपनीने आम्हा दोघांनाही त्याच दिवशी काढून टाकलं (अंगठीही परत घेतली), म्हणून काल कोर्टात लग्न उरकलं. शुक्रवारच्या गाडीने येतोय. गोठ्यावरची खोली देशील ना? तू नाही म्हणालास तर आम्हाला दुसरं दार नाही.

पुन्हा ता. क. : साहेबांचं आणि आयडाचं लग्न व्हावं म्हणून वहिनी दर रविवारी चर्चमध्ये प्रार्थना करतात, असं तू लिहिलं होतंस. त्यांना सांग, आयडाचं लग्न लागलं. नवरदेवाचं नाव मात्र आम्ही घरात शिरून बसेपर्यंत सांगू नकोस, आणि पत्र वाचून दाखवताना चित्रपटांच्या माहितीपाशीच थांब.